गोड्या पाण्याची बाव

आईला मी सोलापूरला आणलं ते तिच्या मनाविरुद्ध. दोन वर्षांपूर्वी ती परसातल्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वडील जाऊन पंधरा वर्षं झालेली. मी एकुलती एक. डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहणं विसरा.  घराला कुलूप लावताना आईने किल्ली माझ्या हातात न देता स्वतःच्या कनवटीला खोचली.

आमचं गाव दक्षिण कोकणात, अगदी समुद्राला लागून. गाव वर टेकाडावर आणि आमची मच्छीमारांची वाडी खाली वाळूत. मी तिथून डी.एड. होऊन सोलापूरला नोकरीला लागले, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. नोकरी इथे म्हणून लग्नही इथेच. माझे यजमान माढ्याकडचे, शेतकरी घरातले, वीज खात्यात नोकरीला. इतक्या वर्षांत मी इथली झाले. आईला मात्र सत्त्याहत्तराव्या वर्षी इथली व्हायचं होतं.

कोल्हापूरहून पुढे गाडी निघाली तशी ती काचेतून बाहेर बघत होती. सांगोल्याच्या आसपास तिने विचारलं, "झाडा खंय गेली गो?"

मी म्हटलं, "इथे अशीच असतात. लांब लांब."



सुरुवातीचे महिने मी कसे काढले ते आठवलं की आजही खांदे दुखायला लागतात. पहाटे उठून तिला संडासला न्यायचं, अंग पुसायचं, चहा, गोळ्या, मग डबे, मग शाळा. शाळेत पाचवीचा वर्ग आणि त्याशिवाय कसले ना कसले ऑनलाइन फॉर्म. घरी आले की पुन्हा तिचा व्यायाम, कारण वॉकर धरून रोज वीस पावलं चालवायचीच असं फिजिओथेरपीवाल्याने सांगितलेलं. ती सतराव्या पावलाला बसायची. मी ओरडायचे. मग वाईट वाटायचं, आणि वाईट वाटण्याचाही कंटाळा यायचा. हे लिहायला संकोच होतो, पण तसं होतं.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी सगळी गल्ली पिंप, बादल्या, पाइप घेऊन उभी असते. आईने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तिला खरंच वाटेना.

"पाच दिवसांनी? आणि मधले दिवस काय करतास?"

"भरून ठेवतो."

"शिळा पाणी पितास?" एवढंच म्हणून तिने तोंड फिरवलं.

शेजारी अक्का राहतात. त्यांचं आडतीचं दुकान आहे, मुलं बघतात. घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. पक्के शाकाहारी, सकाळी पिंडीची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत. दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. आईने गावाहून येताना एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, बांधून आणली होती. एक दिवस मी शाळेत असताना तिने ती ऊन दाखवायला म्हणून अंगणात पसरली. मी परत आले तर अक्का भिंतीपाशी पदर नाकाला लावून उभ्या.

"बाई, हे काय वाळत घातलंय तुमच्या आईनी? देवघरापर्यंत वास येतोय की."

आई आतून विचारत होती, "ती काय म्हणता?"

मी काही न सांगता कोळंबी गोळा केली, डब्यात भरून झाकण लावलं. अक्कांची क्षमा मागितली. आईला म्हटलं, पुन्हा बाहेर घालू नको. दोघींवरही चिडले होते आणि पायात गोळे आले होते.

दुसऱ्या दिवशी अक्काच भिंतीवरून वाटी घेऊन आल्या. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. "म्हाताऱ्या माणसाला बोलून गेले, रातभर जीवाला बरं वाटलं न्हाय," म्हणाल्या. आईला दात थोडे. तिने कडक भाकरी चहात बुडवली. अक्का बघतच राहिल्या, मग हसल्या. तिथून ते सुरू झालं. मी शाळेत गेले की अक्का भिंतीच्या त्या बाजूला पाट टाकून बसायच्या आणि आई या बाजूला खुर्चीवर. एकीची मालवणी, दुसरीची सोलापुरी. एकमेकींचं किती कळायचं कोण जाणे. पण संध्याकाळी आई जरा बऱ्या चेहऱ्याने भेटायला लागली.

काही दिवसांनी मी मासे आणले तर आई म्हणाली, "माका नको. पोटात गच्च होता." मी ते खरं मानलं. तिने जन्मभर मासे विकले, डोक्यावर टोपली घेऊन चार गावं फिरली, आणि आता तिच्या पोटाला मासे चालत नाहीत, याचं मला नवलसुद्धा वाटलं नाही. एक काम कमी झालं, एवढंच मनात आलं. ती अक्कांसाठी सोडून बसली आहे हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं, तेही अक्कांकडून. "मी न्हाई म्हनले न्हवते हो," अक्का म्हणाल्या, "घरात शिजवलं तर मला काय. पण ऐकत्यात व्हय त्या."

तिच्या इथल्या पहिल्या दिवाळीनंतर गावाहून फोन आला. गावच्या शाळेवर नव्याने आलेली एक तरुण शिक्षिका बोलत होती. गावाच्या वारशाची पुस्तिका काढायची ठरलं आहे, पर्यटक यायला लागलेत, त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं. वाडीची माहिती सांगणारं कोणी उरलेलं नाही. आजी बोलतील का?

मी फोन आईच्या कानाला लावला. तिने ऐकून घेतलं.

"माका काय एक आठवणा नाय," म्हणाली आणि फोन परत दिला.

ती मुलगी चिकाटीची होती. दर रविवारी फोन करायची. आगबोट कुठे थांबायची? मंगळुरी कौलं घेऊन गलबतं यायची ती कोणत्या महिन्यात? किनाऱ्यावरच्या खडकांना नावं होती म्हणतात, ती कोणती? आणि वाडीतली ती विहीर, समुद्रापासून पन्नास पावलांवर असून गोड्या पाण्याची, ती कोणी बांधली? मी आईला विचारायचे. आई भिंतीकडे बघायची.

यजमान म्हणाले, "मामींना बोलायचं न्हाय तर राहू दे की. तू कशाला जीवाला लावून घेतीस?"

मी सोडून दिलं. त्या मुलीला सांगितलं, आईची तब्येत बरी नाही.

एका शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले. आई आत झोपली होती. अक्का भिंतीपलीकडे शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, गावाहून फोन येतात, पण आई काही सांगत नाही.

"न्हाय सांगत?" अक्कांचे हात थांबले. "मला तर सगळं सांगितलंय की. ती विहीर बायकांनी खांदलीया. तुमची आज्जी होती त्यात, वडलांची आई. तुमाला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. त्या विहिरीला आम्ही बाव म्हणायचो. तिचं पाणी पिऊन मी वाढले. ती कोणी खणली हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

अक्कांनी सांगितलं ते असं. पूर्वी वाडीला पाणी नव्हतं. पाण्यासाठी टेकाड चढून वरच्या गावातल्या विहिरीवर जायचं. तिथे वाडीच्या बायकांना दोर टाकू देत नसत. लांब कळशी ठेवून उभं राहायचं, वरचं कोणी येऊन ओतेल तेवढंच घ्यायचं. एका उन्हाळ्यात बायका सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत उभ्या राहिल्या आणि कोणी आलंच नाही. रिकाम्या कळशा घेऊन त्या खाली उतरल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीला माहीत होतं की ओहोटीला उंडीच्या झाडाखाली वाळूतून एक झरा झिरपतो आणि वाडीतली कुत्री तिथेच पाणी पितात. खारं असतं तर कुत्रं प्यायलं नसतं. दुसऱ्या दिवशी अकरा बायकांनी तिथे खणायला घेतलं. घमेली, करवंट्या, नुसते हात. वाळू ढासळायची, पुन्हा खणायचं. पुरुष आधी हसले. कमरेएवढ्या खड्ड्यात पाणी लागलं, ते गोडं निघालं, तेव्हा तेही उतरले, आणखी खोल गेले आणि बोटींच्या पडक्या धक्क्याचे चिरे आणून कडेने बांध घातला.

"तुमच्या आई पुढच्या वरसाला लगीन होऊन आल्या," अक्का म्हणाल्या. "त्या अकरा बायकांची नावं तोंडपाठ हायत त्यांना. मलाबी येत्यात आता."

आई उठल्यावर मी तिच्यापुढे जाऊन बसले.

"अक्कांना सांगितलंस. मला का नाही?"

"तू खंय इचारलंस?"

"विचारत होते की. दर रविवारी."

"ता फोनवाल्या पोरीसाठी इचारी होतंस," ती म्हणाली. मग, "तुका येळ खंय आसता, चेडवा. दमान येतंस."

ती टोमणा मारत नव्हती. मला रोज दमून येताना बघून तिने जे ठरवलं होतं ते सांगत होती. 

त्यानंतरचे दोन-अडीच महिने, रविवारी सकाळी, मी शाळेची एक कोरी वही घेऊन अंगणात बसायचे. आईला थेट विचारलं की ती अजूनही गप्प व्हायची. त्यावर उपाय आपोआप सापडला. अक्का सांगायच्या, चुकायच्या, आणि आईला ते सहन व्हायचं नाही.

"समुद्रात एक दगड हाय, चुलीचा दगड म्हनत्यात," अक्का सुरू करायच्या.

"चुलीचो खडप. आणि एक नाय, तीन आसत. चूल एका दगडाची होता काय?"

"व्हय, तीन. बोटी त्याच्या उजव्या अंगानं आत येत्यात."

"डाव्या. उजव्यान इली तर फुटतली."

अक्कांनी समुद्र कधी बघितलेला नाही. त्यांचा सगळा प्रवास अक्कलकोट, गुलबर्गा आणि एकदा श्रीशैल. एकदा त्यांनी विचारलं, "ते पानी रोज येतंय आणि रोज जातंय म्हनता. मग जातंय कुटं?" आई हसली. सोलापूरला आल्यापासून ती पहिल्यांदा तशी हसली, खोकला येईपर्यंत. 

वही भरली. खडकांची चौदा नावं. आगबोट कुठे नांगर टाकायची आणि पडावातून माणसं कशी किनाऱ्याला आणायचे, त्यात एका नवरीची पेटी कशी बुडाली. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून रापणीचं जाळं ओढताना वाटा कसा पडायचा. विहिरीची हकिगत पाच पानं, आणि शेवटी त्या अकरा बायकांची नावं, आईने सांगितली त्या क्रमाने. ती नावं मी इथे लिहीत नाही. ती वहीत आहेत.

सगळ्या पानांचे फोटो काढून मी त्या शिक्षिकेला पाठवले. तिचा फोन आला तेव्हा ती इतकी हरखली होती की मला माझ्या आधीच्या टाळाटाळीची लाज वाटली. "ताई, हे कुणालाच माहीत नाही इथे," ती म्हणत होती.

दीड-दोन महिन्यांनी कुरिअरने पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सूर्यास्त. रविवार होता. आई आणि अक्का नेहमीच्या जागी. मी मोठ्याने वाचायला लागले. खडकांची नावं होती, सहा. आगबोट होती. विहिरीच्या पानावर आले आणि मी डोळ्यांनी ओळ वाचून पान उलटलं. अक्कांनी ते बघितलं.

"विहिरीचं वाचा की."

मग वाचावं लागलं. लिहिलं होतं की वाडीतल्या लोकांची तहान पाहून गावातल्या एका दानशूर घराण्याने ही विहीर बांधून दिली. खाली त्या घराण्याच्या आताच्या मालकांचा फोटो. शेवटच्या पानावर आभार मानलेल्यांच्या यादीत आईचं नाव होतं, तेही आडनाव चुकवून.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "हे खोटं हाय. तुमी काय लिहून दिलं होतं आन् हे काय छापलंय?"

मी आईकडे बघितलं. तिने हात पुढे केला, पुस्तिका घेतली, तो फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. हे वरच्या विहिरीच्याच मालकांचं घर, हे तिला फोटोवरून कळलं असणार. तिने पुस्तिका मांडीवर उपडी ठेवली.

"चाय ठेव," म्हणाली.

संध्याकाळी मी त्या शिक्षिकेला फोन लावला. ती रडायलाच लागली. "ताई, मी जसंच्या तसं लिहिलं होतं. छापायला जाताना बदललं. छपाई त्या फोटोवाल्यांनीच करून दिली ना. मी नवीन आहे इथे, मला कोण विचारतं." माझ्यासमोर चाळीस पेपरांचा गठ्ठा होता, सकाळी निकाल द्यायचा होता. मला भांडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. "असू दे," म्हटलं आणि फोन ठेवला. ते "असू दे" मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिलं. त्या अकरा जणी उन्हात उभ्या राहून परत आल्या तेव्हा त्यांनी असू दे म्हटलं नव्हतं.

मेच्या सुटीत मी गावी गेले. घराच्या छपराची कौलं सरकली होती, पावसाळ्याआधी ती नीट करायला हवी होती. आईला यजमान आणि अक्का सांभाळणार होते. निघताना आईने कनवटीची किल्ली काढून दिली.

घराचं काम माणसांना लावून दिलं आणि विहिरीवर गेले. उंडीचं झाड आहे अजून. विहिरीला रंग दिलाय, भोवती लोखंडी कठडा, वर जाळी, आणि ग्रॅनाइटचा नवा फलक, पुस्तिकेतलंच वाक्य कोरलेला. रहाट नव्हता, दोर नव्हता. वाडीत आता घरोघर नळ आहेत, वरच्या धरणातून येणारं पाणी. शेजारच्या घरातल्या सुनेला दोर मागितला. तिने बराच शोधला आणि शेवटी कपडे वाळत घालायची दोरी सोडून दिली, वर रंगाचा एक रिकामा डबा. जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली होती. तिथून डबा सोडला. पाण्याला पाल्याचा वास होता, पण गोडं होतं. ती सून विचारत होती, "काकी, पोटाक त्रास नाय ना होवचो?"

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, लेखी अर्ज द्या. त्यांच्याच टेबलावर बसून अर्ज लिहिला. फलकावरचा मजकूर चुकीचा आहे, विहीर वाडीतल्या अकरा स्त्रियांनी खणली, त्यांची नावं पुढीलप्रमाणे. अकरा नावं लिहिताना माझं अक्षर आपोआप शाळेतल्या फळ्यावर काढते तसं ठळक झालं. पोच म्हणून शिक्का घेतला. ती शिक्षिका भेटायला आली होती, दिसायला माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढीच. तिला वहीची झेरॉक्स दिली. चौथीच्या मुलांना वर्गात वाचून दाखवीन, म्हणाली. दाखवली की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही.

परत आले तेव्हा सोलापुरात डांबर मऊ झालं होतं. आई पंख्याखाली पडून होती. तिने घराचं काहीच विचारलं नाही.

"बाव कशी आसा?"

मी सगळं सांगितलं. रंग, कठडा, फलक, डबा.

"कोण पाणी भरूक नाय थंय?"

"नाही. सगळ्यांकडे नळ आहे. रोज सकाळ-संध्याकाळ येतं."

मला वाटलं तिला वाईट वाटेल. मी तशी तयारी करूनच बोलत होते. 

"बरा झाला गो," म्हणाली. "दिसाक चाळीस कळशे ओढलंय मी. पोटात तू होतंस तेवाय. ह्यो खुबो काय पायरेर पडान मोडलो? तो बावीरच झिजलो. पोरी सुटल्या त्या बरा झाला."

मग मी अर्जाचं सांगितलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"अर्ज कित्याक केलंस? त्यो अकरा जणी आता थंय वाचूक येवच्यो आसत?"

मी उठून पिशवीतले कपडे काढायला लागले. मागून तिचा आवाज आला, "सगळी नावा लिवलंस मा?"

"सगळी."

"बरा."

त्याला आता वर्ष होत आलं. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. मी दोनदा फोन केला, साहेब रजेवर होते, मग साहेब बदलून गेले. फलक तसाच असेल. आई यंदा खूप थकली आहे. वॉकर कोपऱ्यात उभा असतो. रविवारी ती आणि अक्का अजून बसतात, आता आई खाटेवर आणि अक्का आत येऊन खुर्चीवर. मधूनच आई ती नावं म्हणायला घेते आणि सातव्या-आठव्या नावाला अडते. अक्का थोडा वेळ वाट बघतात आणि मग कानडी हेल काढून पुढचं नाव सांगतात. आई त्यांचा उच्चार सुधारते आणि पुढे जाते. मी स्वयंपाकघरात असते, पोळ्या लाटत. मलाही ती पाठ झाली आहेत, पण मी बोलत नाही.

दिवाळीच्या सुटीत पुन्हा जावं लागेल. नव्या साहेबांना भेटायचं आहे, अर्जाची प्रत बरोबर घ्यायची आहे. यजमान म्हणतात, यंदा मीही येतो, दोन दिवस रजा टाकतो. अक्कांनी विचारलं, गाडीत जागा असेल का. त्यांना ते रोज येणारं-जाणारं पाणी बघायचं आहे. आईजवळ मग कोण राहणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.